पेप्सी, पंपकिन आणि पक्का पनवेलकर!

पटकन सांगा! पेप्सी, पंपकिन, बिस्किट, प्रेशर कुकर आणि 'पक्का डॅम्बिस', या पाच जणांत कॉमन काय?

'पाचही सुपरमार्केटात भेटतात' असं म्हणणाऱ्यांनी खाली बसावं. (पाचवा भेटतो खरा, बिलाच्या रांगेत मध्येच घुसताना!)

खरं उत्तर: पाचही ठिकाणी एकाच खानदानाचं रक्त आहे. मूळपुरुष हजारो वर्षांपूर्वीचा आणि खानदानी धंदा एकच, शिजवणं! त्यातला जो 'पक्का' आहे ना, तो आज आपला हीरो. आणि हा हीरो नुसता मराठी नाही बरं का. तो रीतसर इंग्रजी विशेषणही आहे. पी-यू-डबल के-ए, पक्का! अस्सल, उत्तम, एक नंबर अशा अर्थानं साहेबाच्या डिक्शनरीत तो कधीच ठाण मांडून बसलाय.

तर चला, पनवेलच्या टपाल नाक्यापासून लंडनपर्यंत एक चक्कर मारून येऊ. तिकीट पक्कं आहे!

पाणिनीचा स्पेशल पास

संस्कृतात 'पच्' म्हणजे शिजवणं. त्यावरून 'शिजलेला' असा शब्द नेहमीच्या नियमानं बनवायचा तर काहीतरी 'पक्त' वगैरे व्हायला हवं होतं. पण झालं 'पक्व'. का? माहीत आहे का? पाणिनीनं या एकट्या धातूसाठी वेगळं सूत्र लिहून ठेवलं! अष्टाध्यायीतलं ८.२.५२. लांबी? अवघी दोन पदं. पुढे 'पक्व'चं प्राकृतात 'पक्क' झालं, आणि आपल्याकडे येता येता 'पक्का'. व्हीआयपी कोटा काही आजचा नाही, मंडळी.

देवदत्ता, भात शिजला का?

संस्कृत व्याकरणाच्या पोथ्यांतला देवदत्त नावाचा गडी आठवतोय? हा गृहस्थ शतकानुशतकं भात शिजवतोय. कर्ता, कर्म, क्रियापद काहीही समजवायचं असो, पंडितांना उदाहरण हवं ते 'पचति'चंच. जगातला सर्वांत जास्त वेळ चाललेला कुकिंग शो म्हणायला हरकत नाही, आणि एकही जाहिरात नाही!

एका 'पच्'चे पन्नास धंदे

आता मोजा. पक्वान्न, पाककृती, साखरेचा पाक, पचन, परिपाक, सगळी 'पच्'ची लेकरं. शेतातलं 'पीक' आणि झाडावर 'पिकणं' हेही 'पक्व'चेच वंशज. प्राकृतात 'पक्क'च्या जोडीला 'पिक्क' हे रूप होतं, ते आपण शेतात नेलं. म्हणजे पीकविमा भरणारा शेतकरी, पाक चुकला म्हणून हळहळणारी मावशी आणि सभेत हशा पिकवणारा वक्ता, तिघं एकाच धातूवर जगतायत.

आणि पकोडा? तोही. 'पक्व' अधिक 'वट', म्हणजे शिजलेला वडा. पावसात कांदाभजीची प्लेट समोर आली की पाणिनीला एक नमस्कार ठोकायला विसरू नका.

पोक्त काका, तुम्हीसुद्धा?

'मुलगा वयानं लहान, पण बोलणं कसं पोक्त!' हा 'पोक्त' फारसीतल्या 'पुख्ता'वरून आला. पुख्ता म्हणजे? शिजलेला! 'दम पुख्त' बिर्याणीतला पुख्त तोच. संस्कृत आणि फारसी या सख्ख्या चुलत भाषा. त्यामुळे 'पक्का' आला आजोबांकडून, 'पोक्त' आला चुलत घराण्याकडून, आणि मराठीच्या ओसरीवर दोघांची गाठ पडली.

पंपकिन म्हणजे उन्हात शिजलेला

हाच शिजवण्याचा मूळ धातू ग्रीसला गेला तेव्हा त्यानं 'पेपोन' हा शब्द दिला. अर्थ, उन्हानं पिकलेलं मोठं फळ. लॅटिन आणि फ्रेंच अशी वळणं घेत त्याचा झाला पंपकिन. आपला लाल भोपळा! 'भ्रमाचा भोपळा फुटला' म्हणताना यापुढे जरा जपून, आत नातेवाईक निघायचे.

बिस्किट: डबल पक्कं

लॅटिनमध्ये त्याच धातूचं रूप झालं 'कोक्वेरे'. त्यातूनच कुक, किचन, क्युझिन आणि अर्थातच आपला तीन शिट्ट्यांचा कुकर. बिस्किट म्हणजे 'दोनदा भाजलेलं'. टेराकोटा म्हणजे 'भाजलेली माती'. रिकोटा चीज म्हणजे 'पुन्हा शिजवलेलं'. म्हणजे चहात बिस्किट बुडवणं हा एका अर्थी कौटुंबिक मेळावाच. फक्त वेळेत बाहेर काढा, नाहीतर मेळाव्याची शोकसभा होते.

अकालपक्व, कॉपी-टू-कॉपी!

ही गंमत फ्रीजवर चिकटवून ठेवण्यासारखी आहे. वयाच्या मानानं जास्तच हुशार पोराला इंग्रजीत 'प्रिकोशस' म्हणतात. मूळ लॅटिन अर्थ? 'वेळेआधी पिकलेला'. आणि आपण काय म्हणतो? अकालपक्व! वेळेआधी पिकलेला. धातूही तोच, कल्पनाही तीच. हजारो मैलांवरच्या दोन समाजांनी आगाऊ पोरं पाहिली आणि दोघांनाही फळच आठवलं.

बोनस: 'ॲप्रिकॉट'ही त्याच लॅटिन शब्दाचा नातू. लवकर पिकणारं फळ म्हणून ते नाव. तिथून ते ग्रीक, अरबी, स्पॅनिश असं भटकत इंग्रजीत पोचलं. पासपोर्टवर शिक्के मोजत बसा!

पेप्सी विरुद्ध पनवेल

माहीत आहे का? पेप्सी आधी पोटासाठी होती! अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या न्यू बर्न गावात केलेब ब्रॅडहॅम नावाचे फार्मासिस्ट होते. १८९३ मध्ये त्यांनी दुकानात एक पेय विकायला काढलं, 'ब्रॅड्स ड्रिंक'. पचनाला बरं म्हणून त्याची ख्याती करायची होती, म्हणून १८९८ मध्ये नाव बदललं: पेप्सी-कोला. 'डिस्पेप्सिया' म्हणजे अपचन, त्यातलाच 'पेप्सी'. ग्रीक 'पेप्सिस' म्हणजे पचन. आणि पचन कोणाचं? आपल्या 'पच्'चं!

थांबा, आता पनवेलकरांनी कॉलर ताठ करायची वेळ. आपल्या गावातली 'श्री धूतपापेश्वर' ही आयुर्वेदिक औषधांची कंपनी वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी कधी सुरू केली? १८७२ मध्ये! म्हणजे पेप्सीचं बारसं व्हायच्या तब्बल २६ वर्षं आधी पनवेलमध्ये आयुर्वेदाची औषधं तयार होत होती. पोटाच्या मामल्यात सीनियर कोण? स्कोअर तुमच्यासमोर आहे.

एक रुपयावाली पेप्सी

पेप्सीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. अमेरिकेतली पेप्सी राहू दे बाजूला. उभ्या महाराष्ट्रातल्या पोरांसाठी 'पेप्सी' म्हणजे प्लॅस्टिकच्या लांब नळीतला रंगीत बर्फ! शाळेबाहेर उभं राहायचं, दातानं कोपरा फाडायचा आणि चोखत घरी जायचं. जीभ केशरी, शर्ट केशरी, आईचा चेहरा लाल. पचनाशी संबंध शून्य. ब्रॅडहॅम साहेबांनी पाहिलं असतं तर त्यांनाच अपचन झालं असतं.

पहिली एन्ट्री: डॉक्टरसाहेब आणि मण

आता इंग्रजीत 'पक्का' शिरला कधी? ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ मध्ये मुंबईला आले. त्यांचं प्रवासवर्णन लंडनमध्ये १६९८ साली छापून निघालं. त्यात आग्र्याच्या 'पक्क्या मणा'ची नोंद आहे: सुरतेच्या मणापेक्षा दुप्पट! म्हणजे हा शब्द इंग्रजीत गेला तो ना साहेबी थाटात, ना स्वयंपाकघरातून. गेला तो बाजारात, तराजूत बसून.

आणखी एक मौज. याच फ्रायरच्या पुस्तकात आपल्या मुंगसाचाही उल्लेख येतो. इंग्रजी 'मंगूस' हा शब्द मराठीकडून गेलाय आणि त्याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. एकाच पुस्तकात पक्का मण आणि मराठी मुंगूस. डॉक्टरांनी औषधं किती दिली कोण जाणे, शब्द मात्र पोतंभर नेले!

शेरास पक्का शेर

तेव्हा वजनांचा सावळा गोंधळ होता. गावागावाचा शेर वेगळा. लहान तो कच्चा शेर, मोठा तो पक्का. मग १८३३ मध्ये कंपनी सरकारनं नियम केला: ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण. आजच्या हिशेबात हा शेर भरतो साधारण ९३३ ग्रॅम. १९५६ च्या कायद्यानं किलोग्रॅम आला आणि शेर रिटायर झाला. आता तो फक्त 'शेरास सव्वाशेर' म्हणण्यापुरता उरलाय. वजन गेलं, पण वजनदार राहिला!

जगातली बेस्ट गंमत-डिक्शनरी

१८८६ मध्ये लंडनला एक अफलातून कोश निघाला, 'हॉब्सन-जॉब्सन'. कर्नल हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेले देशी शब्द त्यात गोळा केले. दुर्दैव म्हणजे बर्नेल १८८२ मध्येच वारले, छापील पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही.

आणि हे विचित्र नाव कशावरून? मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या सोल्जरांच्या कानांना असा ऐकू आला! ऐकण्यात घोळ, नावात गोल्ड.

कच्चा मेजर, पक्का ताप

या कोशात 'कच्चा' आणि 'पक्का'च्या जोड्यांची लांबलचक यादी आहे. वाचताना हसू आवरत नाही. काही सॅम्पल, आपल्या भाषेत:

कच्चा मेजर: नुसता मानाचा हुद्दा, तात्पुरता. पक्का मेजर: खराखुरा.

कच्चा रंग: पहिल्याच धुण्यात बादलीत. पक्का रंग: कापड फाटेल, रंग जाणार नाही.

कच्ची शिलाई: शिंप्यानं मापासाठी घातलेले धावदोरे. पक्की शिलाई: कायमची.

कच्चा ताप: साधी हुडहुडी. पक्का ताप: जिवावर बेतणारा. (आपल्याकडचा 'डोक्याला ताप' कोणत्या कॅटेगरीत जातो, ते ज्याचं त्यानं ठरवावं.)

आणि माझा फेव्हरिट, कच्चा बदमाश! म्हणजे बदमाशीतही ढिला, मिळमिळीत. बिचाऱ्याला धड लबाडीही जमत नाही. पक्का बदमाश मात्र फुल कॉन्फिडन्सवाला.

रिटर्न गिफ्ट

आपण इंग्रजांना 'पक्का' दिला. बदल्यात त्यांनी काय दिलं? माहीत आहे का? 'डॅम्बिस'! गोऱ्या साहेबाच्या 'डॅम बीस्ट' या शिवीचंच हे मराठी रूप मानलं जातं. म्हणजे 'पक्का डॅम्बिस' म्हणताना आपण अर्धं आपलं आणि अर्धं त्यांचं बोलतो. दोन्ही बाजूंनी माल दिला. भागीदारी असावी तर अशी.

टण्ण की थप्प?

पक्क्याची सगळ्यात सोपी परीक्षा पाहायची? रायगडातल्या एखाद्या वीटभट्टीवर जा. साच्यातून काढून उन्हात नुसती वाळवलेली ती कच्ची वीट. भट्टीत भाजून लाल झाली की पक्की. मिस्त्री दोन्ही हातांत एकेक वीट घेतो आणि एकमेकींवर आपटतो. 'टण्ण' वाजली तर पक्की. 'थप्प' वाजली तर? शेठ, ही गाडी परत न्या.

याच भाजलेल्या विटेनं 'पक्कं घर' दिलं, आणि सरकारी इंग्रजीनं ते तसंच्या तसं उचललं. आजही प्रधानमंत्री आवास योजनेच्या इंग्रजी कागदांत 'पक्का हाऊस' असंच छापलेलं सापडतं. फक्त स्पेलिंगमध्ये मेख आहे. भारतात डबल सी, इंग्लंडात डबल के. शब्द एकच, युनिफॉर्म वेगळा.

बाप्पा मात्र कच्चा हवा!

आता ट्विस्ट. पक्कं ते चांगलं, हा नियम एका ठिकाणी साफ उलटा पडतो. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की पेण. तिथल्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम न झालेल्या मूर्तींना काय म्हणतात? 'कच्च्या मूर्ती'! उन्हाळ्यापासूनच त्या टेम्पोत बसून गावोगावी निघतात आणि रंग, डोळे, दागिने जिथल्या तिथे चढतात.

शाडूची मूर्ती तर रंगवल्यावरही मातीच्या हिशेबानं कच्चीच, कारण ती भट्टीत जातच नाही. म्हणून तर बादलीत विरघळते. भाजली असती तर टेराकोटा झाली असती आणि विसर्जनानंतरही बाप्पा पाण्यात ठाण मांडून बसले असते. 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायचं कोणाला?

पक्का रस्ता, पक्कं नशीब

एके काळी मुंबईहून पुण्याला जायचं म्हणजे आधी होडीनं पनवेल बंदर आणि पुढे रस्त्यानं बोरघाट. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला आणि बैलगाड्या-घोडागाड्यांना घाट मोकळा झाला. १८५२ पर्यंत तर पनवेलला नगरपालिकाही मिळाली! मग रेल्वेनं वेगळी वाट धरली, १८६३ मध्ये गाडी घाट चढू लागली आणि बंदराचा थाट ओसरला.

पण रस्त्यानं पनवेलची साथ सोडली नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे सुरू होतो तो आपल्या शेजारच्या कळंबोलीतून. ९४.५ किलोमीटर, सहा पदरी, काँक्रीटचा. २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला, आणि प्रवेश-नियंत्रित सहापदरी काँक्रीट रस्ता म्हणून देशातला पहिला. १८३० ला पक्का, २००२ ला सुपर-पक्का! (वीकेंडला घाटात जॅम? तोही पक्काच.)

कच्चं लायसन्स, एमएच-४६

'कच्चं लायसन्स काढलं का रे?' जगातल्या कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात न सापडणारा आणि प्रत्येक मराठी घरात वापरला जाणारा हा शब्द! कायदा म्हणतो 'लर्नर्स'. आपण म्हणतो कच्चं. मुदत सहा महिने, आणि ३० दिवस झाल्यावर पक्क्यासाठी टेस्ट देता येते. म्हणजे माणूस पक्का व्हायला कमीत कमी महिना लागतो, हे सरकारनंच ठरवून टाकलंय.

आणि पनवेलच्या गाडीचा नंबर? एमएच-४६. पुण्याच्या सिग्नलला ही पाटी दिसली की ओळखायचं, आपला गाववाला!

कच्चे कैदी, कच्ची पावती, कच्चं तेल

मराठीत 'कच्चा'ची कारकीर्दही काही कमी नाही. खटला निकाली निघालेला नाही तो 'कच्चा कैदी'. आपल्या तालुक्यातल्या तळोजा कारागृहाच्या बातमीत हा शब्द हमखास भेटतो. जीएसटी चुकवायचा असेल तर 'कच्ची पावती'. खनिज ते 'कच्चं तेल'. न जमणारं ते 'कच्चं गणित'. चिडला की 'कच्चा खाऊन टाकीन'. आणि फुशारकी मारायची असेल तर? 'मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही!'

'आंबा पक्का आहे का?'

करून बघा ही गंमत. उन्हाळ्यात पनवेलच्या बाजारात आंबेवाल्या मावशींना विचारा, 'मावशी, आंबा पक्का आहे का?' मावशी आधी तुमच्याकडे बघतील. मग म्हणतील, 'पक्का म्हंजे? हापूसच आहे तो, वास घे!' कारण मराठीत फळ 'पिकतं', 'पाडाला येतं', 'तयार होतं'. पक्कं होत नाही. ज्या शब्दाचा जन्मच पिकण्यातून झाला, त्यानं फळबाजार सोडला आणि अस्सलपणाचं दुकान टाकलं. मावशी मात्र अंगठ्यानं देठाजवळ हलकेच दाबून विचारणार, 'आज खायचाय का दोन दिवसांनी?' तुमचा शब्दकोश बाजूला, त्यांचा अंगठा फायनल.

कच्ची बिर्याणी खाल्ली का?

घाबरू नका, शिजलेलीच असते! मांस आधी शिजवून मग भातासोबत दम दिला तर ती पक्की बिर्याणी. मसाल्यात मुरवलेलं कच्चं मांसच भाताखाली घालून दोन्ही एकदम शिजवलं तर ती कच्ची. हैदराबादी खानसाम्यांचा मान या दुसरीला, कारण झाकण उघडेपर्यंत आत काय झालंय ते कळत नाही. म्हणजे कच्ची बिर्याणी करायला आचारी पक्का लागतो!

साहेब झाला, मग चेष्टा झाली

इंग्रजीत 'पक्का'ची सर्वांत गाजलेली जोडी म्हणजे 'पक्का साहिब'. सुरुवातीला अर्थ होता खानदानी, सचोटीचा गोरा अंमलदार. मग आले जॉर्ज ऑर्वेल. जन्म १९०३, बिहारमधल्या मोतीहारीत. बर्मात पोलिस खात्यात नोकरी केली आणि १९३४ मध्ये 'बर्मीज डेज' कादंबरी लिहिली. पक्का साहेब बनून राहण्याच्या ढोंगाची त्यात अशी काही सालटी काढली, की कौतुकाचा शब्द टोमणा होऊन बसला. साम्राज्य बुडायला अजून वेळ होता. विशेषण आधी बुडालं!

आणि मग... पाय!

पण पक्का तो पक्काच, पुन्हा वर आला. १९६३ मध्ये लेस्टरशायरमध्ये ट्रेव्हर स्टोरर यांनी पाय बनवायचा धंदा काढला. सुरुवातीला नाव मालकाचंच होतं, लवकरच झालं 'पक्का पाइज'. खिम्यासारखं सारण, वर खुसखुशीत आवरण आणि गिऱ्हाईक म्हणजे फुटबॉलची मॅच बघायला आलेली पब्लिक. साहेबाच्या क्लबातून निघालेला शब्द थेट स्टेडियमच्या स्टॉलवर!

२००१ मध्ये ब्रिस्टल शहरात 'पक्का हर्ब्स' आली. आयुर्वेदाच्या धाटणीचे चहा विकणारी. २०१७ मध्ये युनिलिव्हरनं ती विकत घेतली. तुळस आपली, शब्द आपला, बिल मात्र पौंडात.

शेफ म्हणाला, पक्का!

१९९९ मध्ये बीबीसीवर 'द नेकेड शेफ' सुरू झाला. (नेकेड म्हणजे साधं, बिनभपक्याचं जेवण. तुम्हाला काय वाटलं?) त्यात जेमी ऑलिव्हर नावाचा पोरगेला आचारी प्रत्येक पदार्थ चाखून म्हणायचा, 'पक्का!' म्हणजे 'लई भारी!' झालं, घराघरात शब्द पोचला. आता नीट बघा: हजारो वर्षांपूर्वी ज्याचा अर्थ 'शिजलेला' होता, तो मण, घर, मेजर, साहेब आणि पाय करून पुन्हा एका आचाऱ्याच्या तोंडी, शिजलेल्या पदार्थासाठी!

पकवू नको यार!

आणि त्याच सुमारास आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर काय चाललं होतं? 'लेक्चर काय पकाऊ होतं!' 'पकलो राव!' 'पकवू नको!' धातू तोच, शिजवण्याचाच, हिंदीच्या मार्गानं आलेला. पण लंडनमध्ये 'पक्का' म्हणजे झकास आणि पनवेलमध्ये 'पकाऊ' म्हणजे डोक्याची भाजी! एकाच घरातले दोन भाऊ, एक हीरो आणि एक बोअर.

स्तुती की शिवी?

इंग्रजीनं 'पक्का'ला छान सूट घालून शोकेसमध्ये उभं केलं. तिथे आज तो जवळजवळ कौतुकालाच वापरतात. मराठीत मात्र तो अजून फुल टाइम ड्युटीवर आहे. 'तो पक्का आहे हं!' या वाक्याचा अर्थ सांगा बघू. मित्र म्हणून भरवशाचा? की व्यवहारात महाबनेल? लग्न जमवणाऱ्या आत्यानं म्हटलं तर एक, उसने पैसे मागायला निघालेल्या मेव्हण्यानं म्हटलं तर दुसरा. सगळा खेळ सुराचा आणि भुवईचा. डिक्शनरीत भुवई छापता येत नाही, हीच इंग्रजांची अडचण!

झटपट क्विझ: तुम्ही किती पक्के?

खरं की खोटं? उत्तरं झाकून खेळा, चीटिंग नाही.

१. 'पक्कड' ही 'पक्का'ची बहीण आहे.
खोटं! ती 'पकडणे'च्या घरची.

२. 'नापाक'मधला 'पाक' आणि साखरेचा पाक एकच.
खोटं! तो फारसी पाक, म्हणजे शुद्ध. गुलाबजामवाला पाक संस्कृत.

३. 'कच्ची दाबेली' कच्ची असते.
खोटं! ती कच्छची, म्हणून कच्छी. 'छ'चा 'च' आपल्या घाईनं केला.

४. 'जर्दाळू'सुद्धा 'पच्'च्या खानदानातला.
खोटं! 'ॲप्रिकॉट' खानदानी, पण 'जर्दाळू' फारसी: जर्द म्हणजे पिवळा, आलू म्हणजे आलुबुखारासारखं फळ.

५. इंग्रजीनं आपल्याकडून 'पक्का' हे एकच विशेषण उचललं.
खोटं! 'खाकी' गेली, आणि आरामाच्या नोकरीला लावतात ते 'कुशी'ही आपल्या 'खुशी'वरून गेलं.

आता मार्क मोजा. पाचपैकी पाच? पक्के! तीन-चार? पाडाला आलात. एक-दोन? कच्चं लायसन्स, ३० दिवसांनी पुन्हा या. आणि शून्य आले असतील तर तुम्ही कच्चा लिंबू. टेन्शन नॉट! २०१७ मध्ये प्रसाद ओकनं याच नावाचा सिनेमा काढला आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक पटकावलं. शिवाय मैदानातला नियम सगळ्या पोरांना पाठ आहे: खेळायचं सगळ्यांबरोबर, पण कच्च्या लिंबूवर राज्य कधीच येत नाही!